पॉम्पेईचा प्लास्टरवाला

रोम म्हटलं की आपल्याला शाळेत सम्राट आणि सनावळ्या एवढंच मिळालं. युरोपात पण बराच काळ हा लॅटिन येणाऱ्या लोकांचाच प्रांत होता. साध्या माणसाला त्यात शिरायला वाट मिळाली ती पॉम्पेई ह्या इटलीतल्या जुन्या रोमन गावामुळे, पण तीही लगेच नाही.

इ.स. 79 मध्ये शेजारचा व्हेसुवियस ज्वालामुखी फुटला आणि अख्खं गाव राखेखाली गेलं. 1748 ला खोदकाम सुरू झालं ते नेपल्सच्या राजासाठी, म्हणजे पुतळे शोधा, भिंतीवरची चांगली चित्रं कापा आणि राजवाड्यात पाठवा. बघायला जायचं तरी परवानगी लागायची.

इटली एक झाल्यावर, 1863 मध्ये, खोदकामाचा सगळा कारभार जुझेप्पे फिओरेल्ली ह्या पुरातत्त्वज्ञाकडे आला. ह्याने एक तर तिकीट लावलं, पैसे भरा आणि कोणीही आत या. आणि दुसरं म्हणजे ते प्लास्टर. खोदताना राखेत मधेच पोकळ्या लागायच्या, आत हाडं. माणूस दबला, भोवती राख घट्ट झाली, शरीर कुजून गेलं पण आकार राहिला, गणपतीचा साचा असतो ना अगदी तसा. फिओरेल्लीने त्यात पातळ प्लास्टर ओतायला लावलं, वाळल्यावर राख काढली तर आडवा पडलेला माणूस, कपड्यांच्या चुण्यांसकट! त्यानंतर तिथे सनावळ्या कोण विचारतंय.

त्याच सुमारास एका भट्टीत 81 पाव मिळाले, जळून कोळसा झालेले, पण वर आठ फोडींच्या खुणा स्पष्ट. भिंतीवर तर कोणीतरी खरडलंय की हे भिंती, एवढ्या लोकांची रटाळ बडबड अंगावर घेऊन तू अजून कोसळली कशी नाहीस. (म्हणजे कमेंट सेक्शन तेव्हापासूनच तसा.) आणि 1938 मध्ये तिथे चक्क भारतातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, तशाच धाटणीच्या मूर्ती आपल्या तेर आणि भोकरदनला पण मिळाल्यात.

पण साचे बघून लोक गोष्टी रचतात, गाइड तर रचतातच. 1974 मध्ये एका घरात हातात सोन्याचं कडं आणि जवळ लहान मूल असा साचा मिळाला, आई आणि लेकरू म्हणून पन्नास वर्षं सगळे हळहळले. 2024 मध्ये डीएनए तपासला तर ती आई पुरुष निघाली, आणि मुलाशी रक्ताचं नातंच नाही.