‘द लायन किंग’ (२०१९) : टीकेच्या मुळाशी असलेला एक शब्द

डिस्नी स्टुडिओच्या १९९४च्या ‘द लायन किंग’ या कार्टूनपटाची गोष्ट पुन्हा सांगायला नको. जुलै २०१९मध्ये त्याची नवी आवृत्ती आली आणि समीक्षक एकीकडे, प्रेक्षक दुसरीकडे अशी फूट पडली. परीक्षणं गोळा करणाऱ्या एका प्रमुख संकेतस्थळावर अनुकूल परीक्षणं जेमतेम निम्मी, प्रेक्षकांची पसंती मात्र ८५ टक्क्यांच्या पुढे. जगभरची कमाई १६० कोटी डॉलरहून जास्त. (‘निम्मी’ म्हणजे शंभरात पन्नास गुण नव्हेत, निम्म्या समीक्षकांनी चित्रपट पास केला, एवढंच.)

जुनी कार्टून हाडामांसाच्या नटांना घेऊन पुन्हा करणं डिस्नीला नवं नव्हतं. १९९६मध्ये डाल्मेशियन कुत्र्यांचं झालं होतं. रांग लागली ती २०१०नंतर. २०१६च्या ‘जंगल बुक’मध्ये प्राणी संगणकावरचे असले तरी मोगली खरा मुलगा होता. ‘लायन किंग’मध्ये माणूसच नाही.

तरीही बातम्यांत शब्द चिकटला ‘लाइव्ह-अ‍ॅक्शन’ (खरे नट, खऱ्या जागा कॅमेऱ्याने टिपलेला चित्रपट) हाच, आणि खरा घोळ इथेच आहे. सुमारे दीड हजार शॉटपैकी प्रत्यक्ष कॅमेऱ्याने टिपलेला शॉट एकच : सुरुवातीचा आफ्रिकेतला सूर्योदय. चित्रीकरणाची रीत मात्र सेटवरची. आभासी जग डोळ्यांसमोर उभं करणारे व्हीआर हेडसेट लावून चित्रपटाची मंडळी आभासी माळरानात फिरायची, कॅमेरा कुठे लावायचा ते ठरवायची. डॉली (कॅमेऱ्याची चाकांची गाडी) आणि ट्रायपॉड खरे. ते हलवले की गेम इंजिनमधला, म्हणजे व्हिडिओ गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमधला, आभासी कॅमेरा तसाच हलायचा. म्हणून हाताने कॅमेरा वळवल्याची लय पडद्यावर येते आणि डोळा फसतो. प्राणी मात्र अ‍ॅनिमेटरांनी कीफ्रेमने, म्हणजे हालचालीतल्या मुख्य स्थिती स्वतः ठरवून, हलवले; मोशन कॅप्चर, म्हणजे खऱ्या नटाच्या हालचाली टिपून वापरणं, नाही.

ऑस्करच्या अ‍ॅनिमेशन विभागाची एक अट म्हणजे लांबीच्या किमान ७५ टक्के भागात अ‍ॅनिमेशन हवं. ती इथे सहज पुरी होते. पण स्टुडिओने चित्रपट त्या विभागात पाठवलाच नाही. नामांकन मिळालं व्हिज्युअल इफेक्ट्सचं. हॉलिवूडमधल्या परदेशी पत्रकारांच्या गोल्डन ग्लोब पुरस्काराने मात्र त्याला अ‍ॅनिमेशनमध्येच धरलं. त्या वर्षी ऑस्करच्या अ‍ॅनिमेशन शर्यतीत स्टुडिओचे घरचेच दोन बडे सिक्वेल होते, हे लक्षात घेतलं की ‘हे अ‍ॅनिमेशन नाही’ या स्टुडिओच्या शब्दनिष्ठेचं फारसं कौतुक वाटत नाही.

‘चेहरे कोरे’ ही समीक्षकांची तक्रार सगळं खरं असल्याच्या याच दाव्यातून येते. कार्टूनमधला सिंह भुवया उडवतो, ओठ मुरडतो. खऱ्या सिंहाला उडवायला भुवया नाहीत, आणि प, ब, म म्हणायला ओठ मिटावे लागतात. ते जबड्यावर दाखवलं की माहितीपटाचा भास मोडतो. भास राखला, तर वडिलांच्या, म्हणजे मुफासाच्या, मृतदेहाशी उभा छावा सिंबा आणि पाणी प्यायला निघालेला सिंबा यांत फरक उरतो तो फक्त आवाजाचा. सिंहिणी तर एकमेकींतून ओळखू येईनात. हिंदी डबिंगला हे उलट पथ्यावर पडलं असावं : ओठ जुळवायचे फार नाहीत, आणि मुफासा-सिंबाला खऱ्या बापलेकांचे आवाज.

गाण्यांचंही तेच. खलनायकाचं गाणं आखडलं, तरसांचं संचलन गेलं, आणि ‘आज रात्री’ म्हणणारं प्रेमगीत चक्क उन्हात झालं. त्यावरची थट्टा अजून चालू आहे.

डिसेंबर २०२४मध्ये मुफासाची पूर्वकथा आली. तिच्यातल्या सिंहांचे डोळे आणि तोंडं ठळकपणे जास्त हलतात.