सीपीयू आणि कीबोर्ड घरीच साफ करताना

आमच्या सर्व ग्राहकांसाठी

दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या जिनिंगकडे लागल्या, की आमच्याकडे एक तक्रार वाढते: कॉम्प्युटर आपोआप बंद पडतो. बहुतेक वेळा कोणताही पार्ट गेलेला नसतो. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली हीटसिंकची, म्हणजे उष्णता ओढून घेणारी धातूची, पाती असतात, त्यांत रुईचे तंतू आणि सोयाबीनच्या मळणीचा भुसा अडकून गोधडीसारखा थर बसतो. हवा खेळत नाही. प्रोसेसर तापून आधी मंद होतो आणि १०० अंशांच्या आसपास पोचला की मशीन स्वतःला वाचवण्यासाठी बंद होते. सेतू केंद्र असो, कृषी केंद्र असो की शाळा, ही सफाई तुम्ही स्वतः करू शकता.

लाईट गेली आहे म्हणून प्लग तसाच ठेवून सीपीयूचा डबा उघडू नका. लाईट कधीही येते, शिवाय यूपीएस चालूच असतो. शट डाऊन करून सगळ्या वायरी काढा, मग पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून धरा. थंडीत हवा कोरडी असते, स्वेटरमुळे अंगात स्थिर वीज साठते. म्हणून आतल्या पार्टना हात लावण्याआधी डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावा.

डबा ओसरीत न्या. मऊ, कोरड्या ब्रशने थर मोकळा करा आणि छोट्या ब्लोअरने लांबून हवा मारा. तेव्हा पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भरधाव फिरून त्याचे बेअरिंग खराब होते. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर मात्र अजिबात नको. त्याच्या टाकीत पाणी साचते, हवेबरोबर तेल येते आणि दाब इतका असतो की बारीक पार्ट उखडतात. ओले फडके आत घालू नका.

एसएमपीएस, म्हणजे डब्यातली वीज पुरवणारी पेटी, कधीच उघडू नका. २३० व्होल्टची वीज आत ३०० व्होल्टच्या वर जाते आणि प्लग काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये काही वेळ राहते. बाहेरच्या जाळीतून हवा मारा, तेवढे पुरे.

कीबोर्डची पिन काढा. जुनी गोल पिन असेल तर कॉम्प्युटर बंद करूनच. उलटा धरून हलके थोपटा, मग ब्रश फिरवा. खर्रा घोटून त्याच हाताने टायपिंग केले की चुना आणि सुपारीचा चुरा बटणांखाली जातो. चिकट बटणांना आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओले केलेले फडके चालते. हाताच्या सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन असू शकते, ते चिकटते. स्पेसबार आणि एंटरखाली बहुधा तार असते, ती दोन बटणे उपटू नका. चहा सांडलाच तर लगेच पिन काढा, कीबोर्ड उलटा करा आणि दोन दिवस सावलीत सुकू द्या.

उन्हाळ्यात सीपीयू खोलीतल्या पाण्याच्या कूलरच्या झोतात ठेवू नका. दमट हवेत धूळ पात्यांवर थापली जाते, मग ब्रशनेही निघत नाही. मागच्या मोकळ्या फटींना पत्र्याच्या पट्ट्या लावा. तिथूनच पाली आत शिरतात आणि शॉर्ट होतो.

सफाईनंतर बीप वाजून स्क्रीन काळीच राहिली, तर बहुधा रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, हलली आहे. प्लग काढून ती क्लिप लागेपर्यंत दाबा. तरी सुरू झाला नाही, किंवा जळका वास आला, तर फक्त सीपीयू घेऊन या. मॉनिटर आणण्याची गरज नाही.