शिट्टी न मारणारा कुकर आणि खानदेशातली खिचडी

इलेक्ट्रिक प्रेशर कुकर घरात आला की खानदेशात पहिला प्रश्न ठरलेला असतो: "याच्यात शिट्ट्या किती करायच्या?" उत्तर असं की एकही नाही. हे ऐकून सासूबाई गप्प होतात आणि भात बिघडण्याची वाट बघतात. त्यांचा प्रश्न भाबडा मुळीच नाही. साठ-पासष्ट वर्षं इथल्या स्वयंपाकघरांनी शिजण्याचा वेळ शिट्ट्यांतच मोजला. भाताला तीन, तुरीच्या डाळीला चार, हरभऱ्याला सहा, असा हिशोब आईकडून लेकीकडे गेला. तो एका बटणाने रद्द होतो म्हटल्यावर कुणीही बिचकणारच.

मुळात खानदेश हा भाताचा मुलूखच नाही. तापी, गिरणा, पांझरेच्या काळ्या जमिनीत कापूस, ज्वारी, बाजरी, तूर, उडीद आणि अलीकडे केळी. जेवणाचं ताट भाकरीवर उभं, त्यातही कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाच्या. भाताचं पीक म्हणावं तर नंदुरबार जिल्ह्यात नवापूरकडे, जिथे पाऊस जास्त पडतो आणि सह्याद्रीचा पायथा सुरू होतो. जळगाव-धुळ्याच्या बाकीच्या भागात तांदूळ बाजारातून यायचा आणि बेताबेताने वापरला जायचा: पाहुणे आले, कुणी आजारी पडलं, पितरांची खीर करायची झाली. लग्नाच्या पंगतीतसुद्धा मान वरण-बट्टीचा आणि घोटलेल्या वांग्याच्या भाजीचा. भात शेवटी, ज्याच्या पोटात जागा असेल त्याला.

मग तांदूळ रोजचा झाला कसा? एक कारण रेशनचं दुकान. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने तांदूळ ३ रुपये किलो, गहू २ रुपये किलो असा दर ठरला आणि २०२३ पासून ते धान्य फुकट मिळू लागलं. स्वस्त तांदूळ पिशवीत येऊ लागला की तो कुठेतरी जाणारच. खानदेशात तो गेला खिचडीत. तुरीची डाळ इथली, जळगावच्या डाळ मिलची. तांदूळ कुठलाही चालतो. लसूण, लाल तिखट, शेंगदाणे घालून केलेली फोडणीची खिचडी, वरून शेंगदाण्याच्या कच्च्या तेलाची धार, सोबत पापड आणि लोणचं. रात्री शेतातून उशिरा आलेल्या घरात याहून सोयीचं जेवण नाही. म्हणून 'कुकर लावला' म्हटलं की पुण्याकडे वरण-भात समजतात, आमच्याकडे बहुतेक वेळा खिचडी.

कुकरच्या आधी हे सगळं चुलीवर, भगोन्यात. कापूस निघाला की पऱ्हाट्या आणि तूर निघाली की तुराट्या, हे वर्षभराचं सरपण. दोन्ही भडकन पेटतात आणि तितक्याच लवकर विझतात. भाकरीला ते चालतं, भाताला नाही. त्यामुळे एक उकळी आली की जाळ ओढून घ्यायचा, भगोन्याच्या झाकणावर निखारे ठेवायचे आणि भात मुरू द्यायचा. पाणी मोजायचं बोटाच्या पेराने. खाली खरड धरायची आणि पोरं ती भांडून खायची.

आता बाहेरचा इतिहास. वाफ कोंडून शिजवण्याची युक्ती तीनशे-साडेतीनशे वर्षं जुनी आहे. डेनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसाने १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी या वैज्ञानिकांच्या संस्थेपुढे आपलं घट्ट झाकणाचं भांडं मांडलं. त्याला भात शिजवायचा नव्हता, हाडं शिजवायची होती. १६८२ मध्ये सोसायटीच्या मंडळींनी त्या भांड्यातलं जेवण घेतलं आणि हाडं चीजसारखी मऊ झाली होती, अशी नोंद जॉन इव्हलिनच्या रोजनिशीत आहे. पापँचं खरं देणं म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह. दाब ठरावीक मर्यादेबाहेर गेला की वजन उचललं जाऊन वाफ बाहेर पडते. आपल्या शिट्टीचं मूळ तिथे आहे.

आपल्याकडे १९१० मध्ये बंगालच्या इंदुमाधव मल्लिक यांनी इकमिक कुकर काढला. खाली कोळशाची शेगडी, वर एकावर एक डबे, आणि भात, डाळ, भाजी वाफेवर एकदम. तो प्रेशर कुकर नव्हता, पण डब्यावर डबा ठेवून एका आचेत सगळं जेवण काढायची कल्पना तीच, जी पुढे घरोघरच्या कुकरच्या डब्यांत दिसली. प्रेशर कुकर भारतात बनू लागला तो १९५९ च्या सुमारास. हॉकिन्स आणि प्रेस्टीज ही दोन्ही नावं तेव्हाची, आणि दोन्हींमागे इंग्लंडमधल्या कंपन्यांचं तंत्रज्ञान.

भारतात आल्यावर मात्र या भांड्याचं वागणं बदललं. अमेरिकेतल्या जुन्या कुकरवरचं वजन सारखं हलत राहायचं आणि वेळ घड्याळावर बघायचा. आपल्या कुकरची शिट्टी दाब भरला की एकदम उठते, जोरात वाफ सोडते आणि पुन्हा बसते. हा आवाज मोजता येतो. सोबतच्या पुस्तिकेत मिनिटं छापलेली असायची, पण पुस्तिका कपाटात आणि शिट्टी कानात. बाई ओसरीवर तांदूळ निवडत बसली तरी आतल्या कुकरवर तिचं लक्ष असायचं, आणि दुसरी शिट्टी झाली की पोराला हाक, "गॅस बारीक कर रे!" खरं सांगायचं तर शिट्टी हे फार वाईट घड्याळ आहे. मोठ्या बर्नरवर तीन शिट्ट्या भराभर होतात, छोट्यावर त्याच तीनला दुप्पट वेळ लागतो, अर्धा भरलेला कुकर आणि पूर्ण भरलेला कुकर यांचाही मेळ बसत नाही. प्रत्येक घराचा आकडा वेगळा असतो तो यामुळेच. पण तो आकडा त्या घरापुरता अचूक असतो, हेही तितकंच खरं.

दुसरा धागा जपानचा. तिथे प्रश्न दाबाचा नव्हता, राखणीचा होता: पहाटे उठून चुलीपाशी बसण्यातून बायकांची सुटका कशी करायची. तोशिबाने १९५५ मध्ये जो स्वयंचलित राइस कुकर आणला, तो प्रत्यक्ष घडवण्याचं काम योशितादा मिनामी यांनी केलं, आणि भात पुन्हापुन्हा शिजवून बघण्याची मेहनत त्यांच्या पत्नी फुमिको यांची. युक्ती साधी होती. भांड्यात भांडं, आणि बाहेरच्या भांड्यात एक कप पाणी. ते आटायला साधारण वीस मिनिटं लागतात. पाणी आहे तोवर तापमान शंभराच्या वर जात नाही, पाणी संपलं की झपकन चढतं, दोन धातूंची जोडपट्टी वाकते आणि वीज बंद होते. घड्याळ नाही, शिट्टी नाही. पाणी संपणं हीच खूण. भाताबद्दलची ही समज मला पापँच्या भांड्यापेक्षा जास्त हुशारीची वाटते.

दाब आणि राखण हे दोन धागे एकत्र आले चीनमध्ये. इलेक्ट्रिक प्रेशर कुकरचं पहिलं पेटंट १९९१ मध्ये योंग-ग्वांग वांग यांनी दाखल केलं. जगभर हे भांडं गाजलं ते २०१० मध्ये कॅनडातून आलेल्या इन्स्टंट पॉटमुळे. त्यानंतर आपल्या बाजारातही देशी-परदेशी नावांची रांग लागली.

खानदेशात ते उशिरा आलं, आणि उशीर व्हायला सबळ कारण होतं. भुसावळजवळ दीपनगरला वीज तयार होते, तरी २००५ नंतरची काही वर्षं जळगाव-धुळ्याच्या खेड्यांनी भारनियमनात काढली. हजार वॉटचं भांडं घरच्या इन्व्हर्टरवर चालत नाही. संध्याकाळी सातला दिवे जाणार हे माहीत असताना खिचडी विजेच्या भरवशावर कोण टाकेल? गावठाण आणि शेतीपंपांचे फीडर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या वाहिन्या, वेगळे होत गेले, घरातली वीज टिकू लागली, तेव्हा कुठे हे भांडं परवडण्यासारखं झालं. आणि तेही बहुधा थेट दुकानातून नाही. पुण्याला किंवा परदेशात नोकरीला गेलेली पोरं आई-बाबांसाठी ते घेऊन आली.

आता भांडं ओट्यावर आहे, तर त्यात नेमकं काय वेगळं घडतं ते बघू. गॅसवरच्या कुकरमध्ये शिट्टी उठते तो दाब चौरस इंचाला साधारण १५ पौंडांचा, म्हणजे आत १२१ अंशांच्या आसपास. इलेक्ट्रिकमध्ये बहुतेकदा १० ते १२ पौंड, म्हणून ११५ ते ११८ अंश. फरक थोडा, पण डाळीला जाणवतो. मोठा फरक पाण्यात आहे. गॅसवर प्रत्येक शिट्टीबरोबर थोडं पाणी वाफ होऊन जातं, म्हणून एका वाटीला दोन वाट्या ही सवय. इलेक्ट्रिकमध्ये हीटर आपोआप बंद-चालू होत दाब सांभाळतो, वाफ बाहेर पडतच नाही. दोन वाट्या पाणी घातलं तर भाताचा गिचका होतो, आणि दोष कुकरला मिळतो. साध्या तांदळाला एकास एक ते सव्वा पुरतं, जुन्या तांदळाला जरा जास्त. धुतल्यावर तांदळात राहिलेलं पाणीही यात धरायचं.

मोकळ्या भाताला जास्त दाबावर पाच-सहा मिनिटं आणि मग दहा मिनिटं हात न लावता सोडणं, एवढं बस. ही दहा मिनिटं म्हणजे झाकणावरच्या निखाऱ्यांचंच काम. दाब भरायला लागणारा वेळ पडद्यावरच्या मिनिटांत धरलेला नसतो, त्यामुळे 'सहा मिनिटांत भात' ही जाहिरात अर्धीच खरी. एकूण हिशोब पंचवीस मिनिटांवर जातो. गॅसचा कुकर याहून फार मागे नाही. वेळ वाचतो तो माणसाचा, कारण तिथे थांबावं लागत नाही.

खिचडीला मात्र हे भांडं जरा त्रास देतं. फोडणी त्यातच घालता येते, पण लसूण-तिखट तळाला चिकटलं आणि वर डाळ-तांदूळ पडले की तळ जास्त तापतो, सेन्सर ते ओळखतो आणि पडद्यावर जळाल्याची सूचना देऊन शिजणं थांबवतो. जपानी जोडपट्टीला पाणी संपणं ही काम झाल्याची खूण होती, इथे तीच धोक्याची झाली. उपाय म्हणजे फोडणी झाली की अर्धी वाटी पाणी घालून उलथण्याने तळ खरवडायचा, आणि तो पूर्ण सुटल्यावरच डाळ-तांदूळ टाकायचे. तांदूळ-डाळ मिळून एक वाटी असेल तर अडीच वाट्या पाण्यात मऊ, तरी न वाहणारी खिचडी होते. झाल्या झाल्या वाफ सोडू नये, फेस नळीतून वर येऊन ओटा रंगवतो.

राहता राहिली दुरुस्ती. जुन्या कुकरची शिट्टी, काळी रबरी रिंग, हँडलचा स्क्रू आठवडी बाजारातही मिळतो, आणि सायकलवर येणारा गॅस-कुकर रिपेअरवाला दारात बसून बसवून देतो. पाणी आटून सेफ्टी व्हॉल्व्ह वितळला तरी नवा बसवून त्याच दिवशी कुकर चालू होतो. इलेक्ट्रिकची सिलिकॉन रिंग मॉडेलनुसार बदलते, ती तालुक्याला क्वचितच मिळते आणि ऑनलाइन मागवावी लागते. तिच्यात लसणीचा वास मुरतो तो धुऊन जात नाही. म्हणून ज्या घरात खिचडीही होते आणि खीरही, तिथे दोन रिंगा ठेवतात, एक तिखटाची आणि एक गोडाची.