लॅपटॉपच्या पंख्याची शीळ

एकाच प्रोसेसरचे दोन लॅपटॉप शेजारी ठेवून तेच काम दिले, तरी एकातून नुसता वाऱ्याचा आवाज येतो आणि दुसरा कानात शीळ घालतो. उष्णता दोघांतही सारखीच असते. फरक असतो तो पंख्याच्या घडणीत.

हा पंखा वरून-खालून हवा ओढतो आणि कडेच्या पातळ धातुपट्ट्यांमधून बाहेर ढकलतो. हवा जिथून बाहेर वळते, तिथे पंख्याच्या घराच्या भिंतीला एक निमुळती कड असते आणि प्रत्येक पाते तिच्याजवळून जाताना हवेला एक हिसका बसतो. समजा, पाती ३७ आहेत आणि पंखा मिनिटाला ४५०० फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला ७५ फेरे आणि २७७५ हिसके. आपल्या कानावर पडतो तो २७७५ हर्ट्झचा सूर, आणि माणसाचा कान साधारण २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यातच सर्वांत तीक्ष्ण असतो. तेवढीच ध्वनिऊर्जा अनेक वारंवारतांत विखुरली तर तिच्याकडे आपले लक्षही जात नाही, पण एकाच सुरात एकवटली की ती डोके उठवते. त्यामुळे जाहिरातीतला डेसिबलचा आकडा या त्रासाबद्दल फारसे काही सांगत नाही.

उपाय जुना आहे. पाती असमान अंतरावर बसवली की हिसके ठरावीक तालात येत नाहीत आणि सूर फुटून पसरतो. काही हेलिकॉप्टरांच्या शेपटीतल्या बंदिस्त पंख्यात हीच युक्ती असते, आणि २०१२ साली ॲपलने रेटिना पडद्याच्या मॅकबुक प्रोमध्ये असेच पंखे बसवले. कड आणि पाती यांमधले अंतर वाढवूनही शीळ कमी होते, मात्र हवेचा दाब थोडा घटतो.

घरघरीचे कारण निराळे. स्वस्त पंख्याचा आस साध्या बुशमध्ये, म्हणजे त्याला आधार देणाऱ्या गुळगुळीत नळीत, फिरतो. शेजारच्या उष्णतेने वंगण आटते, बुश झिजते आणि आस डुलू लागतो. माझ्या लॅपटॉपचा पंखा काढून त्याच्या मध्यभागाला बोटाने हलकेच दाबले, तेव्हा तो एका बाजूला चक्क कलला, आणि आतल्या प्लॅस्टिकवर पात्यांनी घासून पाडलेली चकचकीत रेघ दिसली. बुश वेगळे मिळत नसल्याने अख्खा पंखा बदलावा लागला. चांगल्या बेअरिंगमध्ये बारीक खाचा असतात. फिरताना त्या तेल आत खेचून धरतात आणि आस तेलाच्या थरावर तरंगतो. हजारो रुपयांच्या यंत्रात एवढ्याशा भागावर केलेली काटकसर मला अक्षम्य वाटते.

वेगाचा हिशेबही ध्यानात घ्यावा. हवेमुळे होणारा आवाज ढोबळमानाने वेगाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात वाढतो, म्हणून वेग २० टक्के घटला तरी सुमारे ५ डेसिबलचा फरक पडतो. धातुपट्ट्यांत साचलेला धुळीचा थर काढला की पंख्याला तेवढे पळावे लागत नाही. फक्त हवेचा झोत मारताना पाती काडीने अडवून धरावीत, नाहीतर पंखा बेफाम फिरून बेअरिंग खराब होते.

तापमान अंशभर चढले की पंखा पळवायचा आणि उतरले की थांबवायचा, ही नियंत्रणाची ढिसाळ पद्धत नुसत्या मोठ्या आवाजाहून तापदायक आहे, कारण सतत चढउतार होणाऱ्या आवाजाची कानाला सवय होत नाही. वेग वाढवण्याच्या आणि कमी करण्याच्या तापमानांत काही अंशांचे अंतर ठेवले की हे थांबते, आणि त्यासाठी कंपनीला एकही सुटा भाग बदलावा लागत नाही.