मोजायला केलेला व्यायाम

बर्पी हे एका माणसाचं आडनाव आहे. रॉयल हडलस्टन बर्पी हे न्यूयॉर्कचे शरीरक्रियाशास्त्राचे अभ्यासक. १९३०च्या दशकाच्या अखेरीस कोलंबिया विद्यापीठात पीएचडी करताना त्यांना एक सोपी चाचणी हवी होती: माणूस किती तंदुरुस्त आहे हे काही मिनिटांत, यंत्राशिवाय कळलं पाहिजे. त्यांनी चार ठोक्यांची हालचाल बसवली. उकिडवं बसा, पाय मागे फेका, पाय परत ओढा, उभे राहा. ना जोर, ना उडी. असं फक्त चार वेळा करायचं आणि आधीची व नंतरची नाडी मोजायची, बस्स. दुसऱ्या महायुद्धात ही चाचणी अमेरिकी लष्करानं उचलली, पण चारवर न थांबता ठराविक वेळात जास्तीत जास्त किती होतात ते पाहायला सुरुवात केली. पुढे कुणीतरी त्यात जोर घातला, कुणीतरी उडी. आज कोथरूडच्या किंवा ठाण्याच्या कुठल्याही जिममध्ये सकाळी सहाला 'पन्नास बर्पी!' अशी आरोळी ऐकू येते, तेव्हा एक चाचणीच व्यायाम म्हणून पन्नासदा दिली जात असते.

'हाय इंटेन्सिटी फंक्शनल ट्रेनिंग', म्हणजे कामाच्या हालचालींचा जोरकस व्यायाम, म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकाराचा इतिहास बराचसा असाच आहे. मोजमापासाठी केलेली गोष्ट हळूहळू रोजचा रतीब झाली. त्यातले फायदे खरे आहेत आणि गोंधळही तिथलाच आहे.

या नावातले शब्द वेगवेगळ्या घरांतून आले. 'फंक्शनल', म्हणजे कामाला येणारा व्यायाम, ही कल्पना जॉर्ज एबेर या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याकडे जाते. १९०२च्या मे महिन्यात कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावर माँ पले ज्वालामुखी फुटला आणि सें-पिएर हे शहर काही मिनिटांत संपलं. सुमारे तीस हजार माणसं गेली. एबेर तिथल्या बचावकार्यात होता. संकटात कोण धावू शकतं, कोण दुसऱ्याला उचलून नेऊ शकतं आणि कोण जागच्या जागी थिजतं, याचा त्याच्या मनावर खोल ठसा उमटला असं सांगतात. पुढे त्यानं नौदलातल्या पोरांसाठी जी पद्धत बसवली तिचे दहा भाग होते: चालणं, धावणं, उडी, चार पायांवर जाणं, चढणं, तोल सांभाळणं, फेकणं, उचलणं, स्वसंरक्षण आणि पोहणं. बोधवाक्य होतं, 'उपयोगी पडण्यासाठी बलवान व्हा.' त्या काळच्या युरोपात स्वीडनच्या पेर हेन्रिक लिंग यांच्या परंपरेतली कवायत मान्यताप्राप्त होती: रांगेत उभं राहून, शिक्षकाच्या आकड्यावर हात वर, हात खाली. एबेरला ती निर्जीव वाटायची. मला तो पटतो. आडाचं पाणी शेंदणं, पोतं पाठीवर टाकून माळ्यावर चढवणं यात कंबर, खांदा, पाय आणि श्वास एकदम कामाला लागतात; एकट्या दंडाला कुणी सुट्टं काम देत नाही.

इथे आपल्या तालमीचाही एक धागा आहे. हिंदुस्थानात आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी मुद्गल फिरवणारे पहिलवान पाहिले आणि ती कला मायदेशी नेली. १८३४ साली लंडनमध्ये निघालेल्या डोनाल्ड वॉकरच्या व्यायामाच्या पुस्तकात 'इंडियन क्लब' आहेत. १८६०च्या दशकात ते अमेरिकेत पोचले. १९०४ आणि १९३२च्या ऑलिंपिकमध्ये तर मुद्गल फिरवण्याची स्पर्धाच होती. फक्त वाटेत वजन गळालं; आपल्याकडे खांदे भरून यावेत म्हणून फिरवायची जोडी तिथे बाटलीएवढी होऊन तालावरच्या कवायतीत सामील झाली. तालमीचा हिशेब मात्र आणखी एका बाबतीत निराळा होता. वस्ताद विचारायचा, 'किती काढलेस?' पाचशे बैठका, दोनशे जोर. किती वेळात, हे विचारायची पद्धत नव्हती.

घड्याळ आलं ते धावपट्टीवरून. जर्मनीत प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर आणि हृदयतज्ज्ञ हर्बर्ट राइंडेल यांनी १९३०च्या दशकात एक साधी गोष्ट घडवली: थोडं अंतर वेगानं धावायचं, नाडी १८०च्या आसपास न्यायची, मग ती १२०वर येईपर्यंतच विश्रांती, आणि पुन्हा. दीड मिनिटात नाडी खाली आली नाही तर त्या दिवशीचं काम जड झालं असं समजायचं. गेर्शलरचा शिष्य रुडोल्फ हार्बिग १९३९च्या जुलैत मिलानला ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत धावला आणि तो विक्रम सोळा वर्षं टिकला. पाठोपाठ आलेल्या एमिल झाटोपेकनं ४०० मीटरच्या फेऱ्यांवर फेऱ्या मारून १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णं नेली. तीव्रता तुकड्या-तुकड्यांनी घेतली तर एकूण जास्त झेपते, ही शिकवण तिथली.

वजनं आणि घड्याळ यांची गाठ १९५०च्या दशकात इंग्लंडातल्या लीड्स विद्यापीठात पडली. मॉर्गन आणि ॲडमसन या दोघांनी विद्यार्थ्यांसाठी 'सर्किट ट्रेनिंग' आखलं. हॉलमध्ये नऊ-दहा ठिकाणी वेगवेगळे व्यायाम मांडायचे. प्रत्येकाची कमाल आधी मोजायची, तिच्या निम्मा आकडा रोजच्या कामाला धरायचा, तीन फेऱ्या करायच्या आणि एकूण वेळ हळूहळू खाली आणायचा. 'कमाल'च्या निम्मं हा तपशील मला फार आवडतो, कारण पुढच्या मंडळींनी नेमका तोच गाळला.

मधली दोन-तीन दशकं दुसऱ्याच वाटेनं गेली. १९६८ साली अमेरिकी हवाईदलाचे डॉक्टर केनेथ कूपर यांनी 'एरोबिक्स' हा शब्द घरोघरी नेला आणि जग जॉगिंगला लागलं. दुसरीकडे शरीरसौष्ठवाची लाट आली. यंत्रावर बसायचं, एका स्नायूला एकटं गाठायचं, आरशात बघायचं. दम एका दिवशी, दंड दुसऱ्या दिवशी.

ही फाळणी मोडणारा माणूस म्हणजे ग्रेग ग्लासमन, कॅलिफोर्नियातल्या सांताक्रुझचा एक माजी जिम्नॅस्ट. त्यानं सांगितलेली गोष्ट अशी: पोरवयात गॅरेजमध्ये बारबेल घेऊन खाली बसून उठायचं, तसंच डोक्यावर ढकलायचं, मग पुल-अप्स, २१, १५ आणि ९ अशा उतरत्या आकड्यांत, शेवटी ओकारी. याच वर्कआउटला पुढे 'फ्रान' नाव मिळालं. ग्लासमननं आपल्या कसोटीच्या वर्कआउटना बायकांची नावं दिली, पूर्वी अमेरिकेत वादळांना देत तशी. २००० साली त्यानं पत्नी लॉरेन जेनाई हिच्यासोबत 'क्रॉसफिट' कंपनी काढली, २००१पासून रोज एक वर्कआउट इंटरनेटवर फुकट टाकायला सुरुवात केली. व्याख्या एका ओळीची होती: सतत बदलणाऱ्या, कामाच्या हालचाली, जास्त तीव्रतेनं.

ग्लासमननं शोधलं काय? हालचाली जुन्या, तीव्रता जुनी, फेऱ्या जुन्या. त्याचं खरं काम फळ्याचं. तीव्रता म्हणजे काय, तर शाळेतल्या भौतिकशास्त्रातली शक्ती: बल गुणिले अंतर भागिले वेळ. ती मोजता येते, म्हणून फळ्यावर लिहिता येते, म्हणून शेजाऱ्याशी तुलना करता येते. तंदुरुस्तीला त्यानं आकडा दिला आणि त्याबरोबर चुरस दिली. माणसं एकमेकांसाठी येऊ लागली, एकमेकांना ओरडून धीर देऊ लागली. २००७ साली कॅलिफोर्नियातल्या अॅरोमस इथल्या एका रँचवर पहिल्या 'क्रॉसफिट गेम्स' झाल्या. पहिलं बक्षीस होतं ५०० डॉलर.

त्याच सुमारास प्रयोगशाळेतूनही दुजोरा येत होता. १९९६ साली इझुमी ताबाता आणि सहकाऱ्यांनी जपानमधल्या एका क्रीडासंस्थेतला प्रयोग प्रसिद्ध केला. पद्धत मूळची स्पीड स्केटिंगच्या राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकाची. ताबातांनी ती तपासली. व्यायामाच्या सायकलवर २० सेकंद जीव तोडून, १० सेकंद थांबा, असे सात-आठ वेळा. सहा आठवड्यांनी शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल किलोमागे मिनिटाला सात मिलिलिटरनं वाढली आणि ऑक्सिजनविना काम करण्याची क्षमता २८ टक्क्यांनी. तासभर मध्यम गतीनं सायकल मारणाऱ्या गटाची पहिली क्षमता वाढली, दुसरी नाही. २००५ साली कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठात मार्टिन गिबाला यांच्या गटाला दिसलं, की दोन आठवड्यांत फक्त सहा वेळा, ३० सेकंदांच्या जीवतोड सायकलिंगच्या चार ते सात फेऱ्या केल्या तर ठराविक जोरानं सायकल मारत राहण्याचा वेळ सरासरी २६ मिनिटांवरून ५१ मिनिटांवर गेला. स्नायूंमधली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, थोड्या वेळाच्या पण जोरदार धक्क्यालाही चांगला प्रतिसाद देते, हे त्यामागचं कारण.

पण ताबातांच्या प्रयोगातली तीव्रता ऑक्सिजनचा वापर कमालीला पोचवणाऱ्या जोराच्या १७० टक्के होती. नववी फेरी जमली की भार वाढवायचा. आठव्या फेरीनंतर बोलता येत असेल तर ते ताबाता नव्हे. आणि आता मोबाइलवरचे 'चार मिनिटांत ताबाता' पाहा, चटईवर पाय हलवत. एका टोकाला हे पातळ झालेलं औषध, दुसऱ्या टोकाला कसोटी रोज देणारे वीर. 'फ्रान' ही परीक्षा आहे, ती अधूनमधून द्यायची. फळ्यावर नाव खाली दिसलं की लोक ती रोज द्यायला बघतात.

किंमत मोजावी लागलीच. अति श्रमानं स्नायू तुटून त्यातली प्रथिनं रक्तात येतात आणि मूत्रपिंडं अडतात, त्याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. क्रॉसफिटनं सुरुवातीला याचं एक विदूषकी व्यंगचित्र काढून थट्टेवारी नेलं, 'अंकल रॅब्डो'. थट्टा बरी नव्हती. उलट बाजूचंही एक प्रकरण झालं. २०१३ साली एका शोधनिबंधात क्रॉसफिटमध्ये दुखापतीमुळे गळती मोठी असल्याचा आकडा छापून आला. तो खोटा निघाला आणि २०१७ साली निबंध मागे घेतला गेला. त्याच निबंधातले दम सुधारल्याचे आणि चरबी घटल्याचे आकडे मात्र कुणी फारसे वाचले नाहीत. दुखापतींबद्दलच्या इतर पाहण्यांमध्ये हजार तासांमागे साधारण तीनच्या आत-बाहेर असा दर दिसतो. तिथे खांदा आणि कंबर पुढे असतात, आणि तो वेटलिफ्टिंगसारख्या खेळांच्या आसपासच आहे.

२०२० साली जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर ग्लासमननं केलेल्या बेपर्वा ट्विटमुळे क्रॉसफिटचं नाव लावणाऱ्या हजारो जिमनी ते नाव सोडण्याची भाषा केली, त्याला पायउतार व्हावं लागलं आणि कंपनी विकली गेली. पण हा प्रकार कंपनीच्या मुठीतून आधीच निसटला होता. २०१८ साली काही संशोधकांनी क्रॉसफिट या ट्रेडमार्कशिवाय बोलता यावं म्हणून 'हाय इंटेन्सिटी फंक्शनल ट्रेनिंग' असं नाव सविस्तर मांडलं. त्यांच्या आढाव्यात ताकद आणि दम दोन्ही एकाच वेळी सुधारतात असं दिसतं. अभ्यास बहुतेक लहान, थोड्या आठवड्यांचे. २०१४च्या एका छोट्या प्रयोगात नवख्या माणसांनी आठ आठवडे हा व्यायाम केला. मध्यम व्यायाम करणाऱ्यांपेक्षा त्यांनी आठवड्याला कमी वेळ घालवला, तरी त्यांची गोडी टिकून राहिली. माझ्या मते विविधतेचा खरा फायदा हाच. उद्या काय आहे हे माहीत नसलं की माणूस बघायला तरी येतो.

गंमत म्हणजे आता वारं उलट फिरलंय. हँबर्गमध्ये सुरू झालेली आणि २०२५ साली मुंबईतही भरलेली हायरॉक्स ही शर्यत जगात सगळीकडे अगदी सारखी असते: आठ वेळा एक-एक किलोमीटर धावणं, आणि दर किलोमीटरनंतर एक ठरलेलं काम. विविधता काढून टाकली, कारण मुंबईची वेळ हँबर्गच्या वेळेशी ताडून बघायची तर शर्यत तीच हवी. तीन कामं झाली की चौथं येतं: ८० मीटर अंतर, दर खेपेला छाती जमिनीला लावून पुढे उडी मारत. त्याचं नाव बर्पी ब्रॉड जम्प.