एसईयू आणि आरडीआय : आयबीएम आय प्रणालीवरील कोड-संपादक

आयबीएमने जून १९८८ मध्ये आणलेल्या एएस/४०० या मध्यम क्षमतेच्या संगणकाचा वारसा आज आयबीएम आय ही प्रणाली चालवते. तिच्यावर आरपीजी, कोबोल आणि सीएल या भाषांतले प्रोग्राम दोन प्रकारे लिहिले जातात : ५२५० या अक्षरी पडद्याच्या टर्मिनलच्या ‘ग्रीन स्क्रीन’वर एसईयूत, किंवा पीसीवरच्या आरडीआयसारख्या खिडक्यांच्या संपादकात. पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत परदेशी ग्राहकांच्या जुन्या आरपीजी प्रोग्रामांची देखभाल करणाऱ्यांना दोन्हींशी गाठ पडते.

ग्रीन स्क्रीनवर काम पीडीएम या साधनाच्या यादीतून सुरू होते. सोर्स मेंबरपुढे, म्हणजे प्रोग्रामचा मजकूर ठेवलेल्या नोंदीपुढे, २ टाकले की एसईयू हा संपादक उघडतो, १४ टाकले की प्रोग्राम कंपाइलला जातो. एसईयूत प्रत्येक ओळीच्या डावीकडे ०००१.०० असा क्रमांक असतो आणि आज्ञा त्याच क्रमांकावर लिहायच्या : ओळीची नक्कल करायला सी, ती जिच्याखाली हवी त्या ओळीवर ए. ठरावीक रकान्यांच्या आरपीजीसाठी ही रचना अगदी चपखल होती. आरपीजी चारमध्ये सहाव्या रकान्यात ओळीचा प्रकार, २६ ते ३५ मध्ये क्रिया, ५० ते ६३ मध्ये उत्तराचे चल. एफ४ दाबले की ओळ सुट्या चौकटींत उघडते, त्यामुळे रकाने मोजत बसावे लागत नाही. शिवाय टर्मिनल एंटर किंवा फंक्शन की दाबल्यावरच माहिती पाठवते आणि पडदा सहसा २४ ओळी गुणिले ८० रकाने एवढाच असतो, त्यामुळे संथ जोडणीवरही हात अडत नाही.

अडचण मोठ्या प्रोग्रामात जाणवते. तीन हजार ओळींच्या प्रोग्रामच्या एका वेळी जेमतेम वीसेक ओळी दिसतात. कंपाइल फसले की कंपायलरच्या लिस्टिंगची स्पूल फाइल उघडायची, आरएनएफ७०३० सारखा चुकीचा संदेश शोधायचा, ओळीचा क्रमांक ध्यानात ठेवून मेंबरात परतायचे. एफ१५ ने पडदा दुभागून लिस्टिंग खाली ठेवता येते, पण मग कोडला आणखी कमी जागा उरते.

पीसीवर हे काम नेण्याचा प्रयत्न १९९० च्या दशकात आयबीएमच्या कोड/४०० या संपादकाने केला. पुढे एक्लिप्स या मुक्तस्रोत विकास-साधनावर आधारलेले डब्ल्यूडीएससी आले आणि त्याच्या जागी २००८ मध्ये रॅशनल डेव्हलपर फॉर आय, म्हणजे आरडीआय. इथे एररवर दोनदा क्लिक केले की कर्सर थेट त्या ओळीवर जातो. बाजूच्या आउटलाइनमध्ये फाइली, चले, प्रोसीजर आणि ती कुठे कुठे वापरली आहेत ते दिसते. दुसऱ्याच्या जुन्या कोडमध्ये शिरताना ही एकच सोय तासन्‌तास वाचवते. आयबीएमने सवयीचाही विचार केला : आरडीआयच्या संपादकात ओळक्रमांकावर एसईयूच्याच आज्ञा चालतात आणि एफ४ ही.

तरीही अनेक अनुभवी प्रोग्रामर बराच काळ एसईयूवरच राहिले. आरडीआयचा परवाना वेगळा घ्यावा लागे, जुन्या पीसीवर ते जड वाटे आणि बोटांना सवय ग्रीन स्क्रीनची होती. पारडे खऱ्या अर्थाने फिरवले ते आरपीजी भाषेने. एसईयूची व्याकरण-तपासणी प्रणालीच्या २००८ च्या ६.१ आवृत्तीपाशी थांबली. २०१३ मध्ये व्याख्यांच्या ओळीही मुक्त स्वरूपात लिहिता येऊ लागल्या आणि २०१५ मध्ये रकान्यांचे बंधन पूर्णपणे सुटले. कंपायलर बिनतक्रार स्वीकारतो त्या, चल घोषित करणाऱ्या ‘डीसीएल-एस’ ओळीला एसईयू चूक ठरवतो. नव्याने शिकणाऱ्याला अशा संपादकात बसवणे हा त्याच्यावर अन्यायच आहे. मात्र रात्री एखादा जॉब अडकला, हाताशी फक्त टर्मिनल आहे आणि सीएलमधली एकच ओळ बदलायची आहे, अशा वेळी पीडीएम येत असलेच पाहिजे.

अलीकडे व्हीएस कोड या मायक्रोसॉफ्टच्या संपादकासाठीच्या ‘कोड फॉर आयबीएम आय’ या मोफत, मुक्तस्रोत विस्ताराने परवान्याचा अडसरही दूर केला आहे. सोर्स गिट या आवृत्ती-नियंत्रण साधनात हलवलेल्या गटांकडे कोड मेंबरांऐवजी आयएफएस या फोल्डरांच्या फाइल-व्यवस्थेतल्या साध्या फाइलींत असतो. अशा फाइली एसईयूला उघडताच येत नाहीत.