चिखल, चेन आणि पट्टा

जुलैत ताम्हिणी घाटातून भिजून घरी आलं की माझं पहिलं काम ठरलेलं. सायकल उलटी करायची आणि रॉकेलमध्ये बुडवलेल्या जुन्या टूथब्रशने चेन घासायची. ब्रशला येणारा तो काळा राप दोन बोटांत चोळून पाहा. दिसायला ग्रीससारखा मऊ, पण बोटांना कचकच लागते. रस्त्यावरची बारीक वाळू तेलात कालवली की धार लावायचा उत्तम लेप तयार होतो, आणि आपण तो पायडल मारत मारत चेनच्या प्रत्येक सांध्यात फिरवत असतो.

दुकानात नेली की सांगतात, "चेन लांबलीय, बदला." शब्द बरोबर, पण पोलाद ताणलं जात नाही. चेनची प्रत्येक कडी अर्ध्या इंचाची, म्हणजे 12.7 मिलिमीटरची. दोन कड्या जोडणारी पिन वाळूने झिजली की त्या सांध्यात जागा होते. ही झीज सांध्यामागे 0.06 मिलिमीटर झाली, साधारण एका केसाच्या जाडीइतकी, तर 114 कड्यांच्या चेनमध्ये मिळून जवळपास 7 मिलिमीटर भरते. मग कड्या चक्राच्या दात्यांवर नीट बसत नाहीत, वर चढतात आणि दातेही सोबत खातात. पुढच्या चक्राला 44 दाते आणि पायांचा वेग मिनिटाला 80 फेऱ्या धरला, तर मिनिटाला 3,520 कड्या त्या चक्रावर चढतात, आणि चढताना व उतरताना प्रत्येक सांधा वाळूसकट मुडपतो. मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्डने 1880 मध्ये ही रोलरची चेन आणली. ताकदीच्या हिशेबात तिला आजही तोड नाही. तिचं वैर आहे ते कणांशी.

म्हणून चेनच्या जागी बसणाऱ्या सायकलच्या पट्ट्याकडे मी जरा वेगळ्या नजरेने पाहतो. त्याला तेल लागत नाही, पँटला डाग पडत नाही, आवाज येत नाही, हे सगळं आहेच. पण त्याची मूळ करामत ही की त्याला सांधाच नाही. कण शिरणार कुठे?

पट्टा आपल्याला नवा नाही. घरच्या शिलाई मशीनचा चामडी पट्टा पावसाळ्यात सैल पडून घसरायचा. गिरणीवाला रुंद पट्ट्याला राळ लावायचा, तीही तेवढ्यासाठीच. सपाट पट्टा केवळ घर्षणावर चालतो, म्हणून घसरतो. त्याला दाते दिले की तो घसरत नाही आणि दोन्ही चाकांचा ताळमेळ पक्का राहतो. असा दातेरी पट्टा 1940 च्या दशकात अमेरिकेत पुढे आला तोही शिलाई मशीनसाठीच, सुई आणि बॉबिन यांचा मेळ चुकू नये म्हणून. 1962 मध्ये जर्मनीच्या ग्लास 1004 या मोटारीत तो इंजिनाच्या व्हॉल्व्हची वेळ सांभाळू लागला, आणि 1980 मध्ये हार्ले-डेव्हिडसनच्या मागच्या चाकापर्यंत पोचला. सायकलवर 1987 च्या स्ट्रायडा या घडीच्या सायकलने तो लावून दाखवला.

तरी सायकलचा पट्टा बरीच वर्षं किरकोळ कामापुरताच राहिला. मोटारीच्या मानाने सायकलचं इंजिन दुबळं, पण ते फार हिसके देतं. चढावर उभं राहून पायडलवर सगळं वजन टाकलं की त्या क्षणी पट्ट्यावर येणारी ओढ प्रचंड असते. पट्टा तेव्हा जरा जरी ताणला गेला, तरी त्याचे दाते चक्राच्या दात्यांवरून उडी मारतात. हा प्रश्न कार्बन तंतूंच्या दोऱ्यांनी सोडवला. अमेरिकेच्या गेट्स कंपनीचा आजचा पट्टा कापून पाहिला तर आत एकाशेजारी एक या दोऱ्या दिसतात, त्यांच्याभोवती पॉलियुरेथेन, आणि दात्यांच्या तोंडावर नायलॉनचं कापड. दात्यांमधलं अंतर 11 मिलिमीटर. पट्ट्याच्या मधोमध एक खाच असते आणि चक्राच्या मधोमध पात्यासारखी कड. खाच त्या कडेवर बसते, त्यामुळे पट्टा बाजूला सरकत नाही. चक्राच्या दोन्ही बाजू उघड्या असल्याने चिखल आत दाबला न जाता बाहेर ढकलला जातो.

पट्टा किती ताणायचा, हे ठरवायची रीत मला फार आवडते. तंबोऱ्याची तार छेडावी तसा पट्टा बोटाने छेडायचा आणि फोनवरच्या ॲपने त्याचा सूर मोजायचा. ताण जास्त तर सूर चढा, ताण कमी तर उतरलेला. तारेच्या कंपनाचा तोच नियम, फक्त इथे सूर इतका खालचा की कानाला नीट पकडता येत नाही.

पण सांधा नसण्याची किंमत आहे. चेन तोडून पुन्हा जोडता येते, पट्टा अखंड असतो. सायकलच्या फ्रेमचा मागचा त्रिकोण बंद, मग पट्टा आत जाणार कसा? म्हणून फ्रेमच उजव्या बाजूला उघडेल अशी करावी लागते, बोल्ट काढून फट पाडायची, पट्टा सरकवायचा, पुन्हा आवळायचं. साध्या फ्रेमला पट्टा बसत नाही तो बहुधा एवढ्याच कारणाने. दुसरी अडचण आणखी मोठी. मागच्या चक्रांवर चेन आडवी ढकलून गिअर बदलतो, ते चेन बाजूला वाकते म्हणून. पट्टा आडवा वाकत नाही, त्याला सरळ रेषच हवी. म्हणजे गिअर बाहेर ठेवायची सोयच उरली नाही. ते कुठेतरी आत, डब्यात बंद करणं भाग पडलं.

चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या तुंब्यात, गिअर बसवायची विद्या मात्र जुनी आहे. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला 1902 साली स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब आला. त्यांच्या पुढे गाजलेल्या एडब्ल्यू हबचं गणित तोंडी करण्यासारखं आहे. मधे 20 दात्यांचं स्थिर चक्र, बाहेर आतल्या बाजूने 60 दाते असलेलं कडं, आणि दोघांच्या मधून फिरणारी छोटी चक्रं, सूर्याभोवती ग्रह फिरावेत तशी. ग्रहांच्या चौकटीला जोर दिला तर कडं 1 अधिक 20 भागिले 60, म्हणजे 4/3 पट फिरतं. हा जड गिअर. उलट कड्याला जोर दिला तर चौकट 3/4 पट, हा चढाचा. कड्याला दिलेला जोर कड्यातूनच थेट हबला गेला की सरळ एकास एक. जर्मनीच्या रोलॉफने हीच कल्पना वाढवत 1990 च्या दशकाच्या अखेरीस एका हबमध्ये 14 गिअर बसवले.

मला खरं कौतुक आहे पिनियन कंपनीच्या गिअरच्या डब्याचं. पोर्शेमध्ये मोटारींच्या गिअरबॉक्सवर काम करणाऱ्या क्रिस्टोफ लेरमन आणि मिखाएल श्मिट्झ यांनी तो सायकलसाठी बेतला. तो पायडलांच्या अक्षापाशीच बसतो, त्यामुळे वजन सायकलच्या मधोमध आणि खाली राहतं आणि मागचं चाक हलकं. आत दोन गिअरपेट्या एकापाठोपाठ, एकीत 3 आणि दुसरीत 6 जोड्या, मिळून 18 गिअर. सगळी चक्रं कायम एकमेकांत गुंतलेली, पण प्रत्येक जोडीतलं एक शाफ्टवर मोकळं फिरणारं. हव्या त्या चक्राला शाफ्टमधून उठणारे कुत्रे, म्हणजे अडकवणारे छोटे खटके, पकडतात. हो, फ्रीव्हीलमध्ये टकटक करणारे तेच कुत्रे! सगळं तेलात बुडालेलं, आणि तेल बदलायचं 10,000 किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा.

अठराच गिअर, मग 27 गिअरची सायकल सरस नाही का? पुढे 48-36-26 आणि मागे 11 ते 32 दात्यांची नऊ चक्रं असलेली सायकल घ्या. 48 ला 16 ने भागा, उत्तर 3. 36 ला 12 ने भागा, उत्तर 3. 48 भागिले 24 आणि 36 भागिले 18, दोन्हीकडे 2. एकच गिअर दोनदा मोजलेला! पिनियनमध्ये प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा 11.5 टक्क्यांनी वेगळी आहे, सर्वांत हलक्या आणि सर्वांत जड गिअरमध्ये 6.36 पट अंतर आहे, आणि एकही गिअर दुसऱ्यावर पडत नाही. शिवाय सिग्नलला उभं राहून मूठ फिरवली की थेट पहिल्या गिअरवर येता येतं. पुण्याच्या रहदारीत याचं मोल कळतं.

तोटेही सांगितले पाहिजेत. 18 गिअरचा डबा 2.7 किलोचा. गिअर बदलताना पायांचा जोर क्षणभर सोडावा लागतो, ही सवय लागायला वेळ जातो. स्वच्छ, तेल दिलेली चेन दिलेल्या शक्तीपैकी 97-98 टक्के चाकापर्यंत पोचवते. डब्यात गिअरच्या दोन जोड्या नेहमीच कामाला असतात, म्हणून काही टक्के जास्त शक्ती जाते. पट्ट्याला कायम ताणून ठेवावं लागत असल्यामुळे हळू चालवताना तोही थोडी खातो. शर्यतीत हा फरक जाणवेल. पण घाटातून आलेली चेन स्वच्छ नसते, हे विसरून तुलना करू नये. आणि किंमत, ती तर लाखांच्या घरात.

लांबच्या प्रवासात चेन तुटली तर कुठल्याही गावात दोन कड्या जोडून मिळतात. पट्टा तुटला तर नवाच हवा, म्हणून दूर जाणारे एक जादा पट्टा सोबत बाळगतात. तो कसा बाळगायचा हे शिकून घ्यावं लागतं. कार्बनचा तंतू ओढीला कणखर, पण टोकदार वळणाला नाजूक. सुतळीसारखा पिळून किंवा दुमडून पिशवीत कोंबला तर आतले तंतू मोडतात, बाहेरून काही दिसत नाही, आणि नेमक्या चढावर तो जातो. पट्टा न पिळता त्याची मोठाली वेटोळी करायची, सैल बांधायची आणि पिशवीत सगळ्यांत वर ठेवायची, जड सामानाखाली नाही.